मस्कतलाही ऐकू गेलं

माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. हे ऐकलं की शहराकडच्या बायका म्हणतात, "अय्या, किती छान!" छान काय, कपाळ माझं! ज्यांना छान वाटतं त्यांनी सख्ख्या आत्याच्या घरी सून म्हणून नांदून दाखवावं, मग आपण बसून बोलू.

आमच्यात मामाची पोरगी करायची रीत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी रांगत होते तेव्हाच बहिणीला शब्द देऊन टाकलेला, "ही तुझ्या पोराला." पुढे मी अंबाजोगाईला कॉलेज केलं, बी.ए. झाले, पण शब्द तो शब्द. पाठवणीच्या वेळी मी रडायला लागले तर आई म्हणाली, "घरातल्या घरात चाललीस, आन् रडायलीस कावून?"  याचं उत्तर आता देता येईल, पण आता विचारतंय कोण?

लग्नाआधी आत्या म्हणजे माझा जीव होती. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल ही बाई मुळातच चिडकी. नारायणगडाच्या बाजूला आमचं गाव. पंचमीला आत्या माहेरी यायची तर पिशवीत भातकं असायचं, गोडीशेव आणि रेवड्या, आणि त्यातला मोठा वाटा माझा. आईने रागावलं की मी पळत जाऊन आत्याच्या मागे लपायचे आणि तिथूनच कागाळी करायचे, "आत्या, तू बघ ना, आई मला उगंच बोलायलीय." आत्या आईला दम द्यायची. वहिनी, माझ्या लेकराला बोलायचं काम न्हाई, म्हणायची.  असं वाटायचं की ही बाई पाठीशी असताना माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही.

मग लग्न झालं. 'आत्या, तू'चं 'आत्या, तुम्ही' झालं, आणि धर्मापुरीच्या अलीकडच्या या गावात मी राहायला आले. मला सासू मिळाली आणि माझी आत्या गेली. हे कुणाला सांगितलं तर खरंसुद्धा वाटायचं नाही, कारण बाई तर तीच होती, तेच नऊवारी, तेच गोंदण, तोच आवाज.

इतर पोरींना सासर आणि माहेर अशा दोन जागा असतात. पहिल्या सणाला माहेरी गेल्या की पाय धुवायच्या आत सासूचा पाढा सुरू. आया ऐकून घेतात, "अशी म्हणाली? थांब, बघते तिच्याकडं," म्हणतात. बघत कुणीच नाही, पण पोरीचं पोट हलकं होतं. मी पहिल्यांदा तोंड उघडलं तर आईने दाराकडे बघत माझा हात दाबला. "हळू बोल माय. तुझे दादा ऐकतेल. त्यांची भन हाय ती." एकदा दादांपुढेच बोलून पाहिलं. त्यांनी ताट सरकवलं. "माझ्या बहिणीनं तुला काय कमी केलंय?" त्या दिवशी दादा जेवले नाहीत, आणि ते जेवले नाहीत म्हणून आई माझ्यावर चिडली. नवऱ्याला सांगावं तर तो तिचा पोटचा. शेजारी सांगावं तर सगळी भावकी, माझीही आणि तिचीही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हे एवढे नातेवाईक! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

म्हणाल, आत्या असं करायची तरी काय? सांगायला गेलं तर काहीच नाही. मी अंगण झाडलं की ती उठून पुन्हा तेच अंगण झाडणार. मी ब्लाउज शिवते, गावातल्या आणि आजूबाजूच्या बायका मापं द्यायला येतात, तर ही ओट्यावरून त्यांना सांगणार, "बाही नीट बघून घे गं माय, आमच्या बाईचं ध्यान नसतं." मला काही विचारलं तर उत्तर हीच देणार. आणि भाकरी! ताटात भाकरी वाढली की ती उचलायची, उलटी करायची, खालून बघायची, एक सुस्कारा टाकायचा आणि मग खायची. रोज. एक शब्द बोलायची नाही. अहो, बोला ना काहीतरी! करपली म्हणा, कच्ची म्हणा! ते नाही. नुसतं बघायचं. भाकरी मला माझ्या आईने शिकवली, म्हणजे हिच्या भावजयीने, म्हणून बोलून दाखवत नसेल असं मी धरून चालले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

तर या अशा माझ्या गाऱ्हाण्यांना पहिल्यांदा जागा मिळाली ती मोबाईलमध्ये. ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ बघता बघता एकदा मी खाली लिहिलं की हा गळा असा कापला तर खांद्यावरून उतरतो. त्यावर बेळगावच्या एका बाईने लिहिलं, "होय की, माझाबी उतरला!" मग चंद्रपूरची एक आली, मग मस्कतची एक. मस्कतवालीचा नवरा तिकडे नोकरीला, ती घरात एकटीच, शिलाई शिकायची म्हणून धडपडत होती. आम्ही चौघींनी ग्रुप केला. चेहरे फार उशिरा पाहिले. एकमेकींना गावानेच हाक मारायचो, मी बीडवाली.

शिलाईचं बोलणं पंधरा दिवसांत संपलं असेल. मग सुरू झालं खरं बोलणं. बेळगाववालीच्या पोराला पोरगी पसंत पडेना. चंद्रपूरवालीचा नवरा निवृत्त होऊन घरी बसला आणि स्वयंपाकघरातले डबे लावायला लागला. "बाप्पा, काय करू वो मी या माणसाचं!" असं ती म्हणाली की आम्ही आपापल्या गावात हसायचो. मस्कतवाली वाळवंटातून विचारायची, मेथी कुठली आणि शेपू कुठला, फोटो टाका गं, नुसता बघते. आणि मी? मी आत्याचं सगळं सांगायचे. मशीनवर बसून, फोन टेबलाला टेकवून, बोलत सुटायचे. अंगण, बाही, भाकरी, सगळं. कुणी माझा हात दाबत नव्हतं. कुणी ताट सरकवत नव्हतं. "अगं बाई, खरंच उलटी करून बघतात?" विचारायच्या. माझ्या बाजूच्या होत्या त्या, निव्वळ माझ्या. दुसऱ्या कुणाच्या काही लागत नव्हत्या. ज्या दिवशी रेंज जायची त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन, टाकीला टेकून, उन्हात उभी राहून बोलायचे, पण बोलायचे.

माझं सासर-माहेर एक झालं होतं ना, तर हे माझं नवं माहेर. असं मी त्यांना म्हणालेही होते.

मग मस्कतवालीला एक दिवस येसर करायची लहर आली. येसर म्हणजे आमच्याकडची मसाल्याची पूड, तिची आमटी करतात. मी रेकॉर्डिंग लावून सांगत होते, डाळ भाजायची, गहू भाजायचे, तेवढ्यात दारातून आवाज आला, "आगं, आदी गहू! मग डाळ! आन् धने जळू देऊ नको म्हनावं, कडू होतंय!" माझं बोट सुटलं आणि ते सगळंच्या सगळं मस्कतला गेलं.

पाच मिनिटांत तिघींचे निरोप. कोण गं या? किती गोड बोलतात! याच का तुझ्या आत्या? मी म्हटलं हो, याच त्या. मला वाटलं, बघा, मधेच कशी बोलते, आता पटलं असेल. पण कशाचं काय! मस्कतवाली म्हणाली, "आत्यांना सांग ना, आमटी कशी करायची तेपण त्यांच्याच आवाजात टाका."

झालं. तिथून सुरुवात झाली.

आत्याला त्या मोबाईलचा नाद लागला. चंद्रपूरवालीची पोर बाळंतीण झाली, तर आत्याने शेक-शेगडीपासून डिंकाच्या लाडवापर्यंत सगळं सांगितलं. मस्कतवालीला रडू येतंय म्हटल्यावर आत्या म्हणाली, "रडू नको लेकरा, जेवलीस का? आदी जेव." आणि ती बाई तिकडे हुंदके देत जेवली. मला कधी विचारलं होतं का, जेवलीस का म्हणून? मी मशीनवर बसून ऐकत होते आणि माझा पाय नुसता पायट्यावर आपटत होता. रोज सकाळी ग्रुपवर पहिला प्रश्न, "आत्या उठल्या का?" मी कुठे मेले की जिवंत आहे, कुणाला पडलेली नाही!

नवऱ्याने भर घातली. स्वतः नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. हिरव्या माइकवर बोट दाबून ठेवायचं, बोलायचं, सोडायचं, एवढं शिकवलं. आणि एक दिवस मी फोन उघडते तर काय, मस्कतवालीने आत्यांना ग्रुपमध्ये घेतलंय. वर फुलांचे गुच्छ. स्वागत आहे आत्या!

घ्या! आता बोला!

मी तिघींना वेगवेगळं लिहिलं. अगं, माझी बोलायची ती एकच जागा होती. दुसरा ग्रुप करू, आपण चौघीच. केलाही. पण त्यात कुणी येईना. बेळगाववाली म्हणाली, "पाठीमागं बोलायला कसंतरी होतं गं आता." चंद्रपूरवालीला मी फोनच लावला, मनातलं सगळं ओतलं, आणि ती शेवटी काय म्हणाली असेल? "पण त्या स्वभावानं किती चांगल्या आहेत वो." अगदी आईसारखं म्हणाली. मी फोन ठेवला. जन्माच्या माहेरात जे झालं तेच या माहेरात झालं. आधी दादा तिचे होते, आता मस्कतपर्यंत सगळं तिचंच.

त्यानंतर मी ग्रुपवर बोलणंच कमी केलं. कुणी विचारलं तर कामाचं लिहायचे. लग्नसराई होती, काम होतंही. आतल्या आत वाफ कोंडल्यासारखं झालं होतं. कुकरला निदान शिट्टी तरी असते.

आणि मग ती दुपार. मी आतल्या खोलीत मशीनवर, आत्या बाहेर ओट्यावर, मधे खिडकी उघडी. बेळगाववालीच्या पोराला पोरगी पसंत पडली होती अखेर, आणि ती निघाली त्याच्या आईच्याच भावाची लेक. बेळगाववाली खुशीत होती. तिने विचारलं होतं, "आत्या, तुम्हीपण भावाचीच पोरगी सून केली ना? सांगा की, कसं करायचं?"

आत्याने बोट दाबलं. मला खिडकीतून एकेक शब्द ऐकू येत होता. मी पायटा थांबवला.

"करू नको, बाई," आत्या म्हणाली. "भावाची लेक करू नको. परक्याची आन. परक्याच्या लेकीला बोलता येतं, भांडता येतं, तिच्या मायबापाला बोलावून घेऊन सांगता येतं. भावाच्या लेकीचं कुनाला सांगशील? भावाला सांगितलं तर भाऊ तुटतो. माहेरी जायला तोंड ऱ्हात न्हाई. पोराला सांगावं तर त्याची बायकू. आमची पोर लई गुनाची हाय, पर माज्याशी बोलतच न्हाई गं. भांडत बी न्हाई. राग आला की ती मशीन पळवती. मशीन जोरात चाललं की मला कळतंय, आता मला शिव्या घालायलीय. मी कामाला हात लावला तरी तिला राग, न्हाई लावला तरी राग. लहान हुती तवा माज्या मागं लपायची, आता माज्यापासून लपती. म्हनून सांगती, करू नको. हे तुज्यापाशीच ठेव बरं का माय, तिच्या कानावर जाऊ देऊ नको."

बोट सुटलं. माझ्या पुढ्यातला फोन टिंग वाजला.

आत्याला वाटत होतं, विचारलं बेळगाववालीने म्हणजे जाणार बेळगाववालीलाच. सगळ्यांना जातं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी तर मुळीच सांगायला गेले नव्हते.

तुम्हाला वाटेल मला गहिवरून आलं. मुळीच नाही. पहिल्यांदा मला भयंकर राग आला. ते माझं गाऱ्हाणं होतं! भावाला सांगता येत नाही, माहेर तुटतं, कुणापाशी बोलायचं, हे शब्द न् शब्द माझे होते, मी या तिघींना आधी सांगितलेले. माझ्या मैत्रिणी घेतल्या, माझी जागा घेतली, आणि आता माझं दुखणंसुद्धा उचलून स्वतःच्या नावावर केलं! ग्रुपवर चिटपाखरू बोलत नव्हतं. तिघींनी ऐकलं असणारच. मस्कतवालीने मला वेगळं लिहिलं, मनावर घेऊ नको. मी कापड तसंच सुईखाली सोडलं आणि बाहेर आले.

आत्या फोन पदराने पुसून पिशवीत ठेवत होती.

"आत्या, तुम्ही आत्ता बोललात ते सगळ्यांना ऐकू गेलं."

"कुनाला? बेळगाववालीला बोलले मी."

"सगळ्यांना जातं ते. चंद्रपूरला गेलं. मला आलं."

तिचा हात पिशवीतच राहिला. तोंड एवढंसं झालं. मग हळूच म्हणाली, "मस्कतला बी?"

"मस्कतला बी."

"आगं बया!" तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मग पुसून टाक की ते. तुला येतंय न्हवं?"

"पुसून काय करू? मी ऐकलंय ना!" आणि मग माझं तोंड जे सुटलं ते मला थांबवता येईना. "तुम्हाला निदान बोलायला तिघी मिळाल्या. माझ्या होत्या त्या, आत्या! मी कुठं बोलू? आईपाशी बोलले तर ती तुमची भावजय. दादांपाशी बोलले तर ते तुमचे भाऊ. ह्यांच्यापाशी बोलले तर तुमचा पोरगा. एक जागा हुडकली होती एवढ्या लांब, ती पण तुम्ही घेतलीत. लग्न झालं त्या दिवशी माझी आत्या गेली, त्याचं कधी कुणाला सांगू शकले का मी?"

समोरून जाणारी एक बाई थांबून बघायला लागली. बघू दे. या घरात माझा आवाज एवढा कधी चढला नव्हता, मलाच तो अनोळखी वाटत होता.

 आत्या ओट्यावर जरा सरकली, शेजारच्या जागेवरून हात फिरवून धूळ झाडली.

"मग आत्याला सांगायचं हुतंस की," ती म्हणाली.

"कोणत्या आत्याला? एकच तर आहे मला."

"तिलाच म्हनायलेय मी. आईची कागाळी कुनापाशी आनायचीस लहानपनी? तशीच सासूची आन. बस हितं. सांग, काय करती ती म्हातारी तुला?"

मी उभीच राहिले. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि नाक वाहायला लागलं होतं, त्याचाही राग येत होता. शेवटी बसले.

"भाकरी उलटी करून बघती," मी म्हणाले. "रोज. नवी नवरी होते तेव्हापासून. बोलत काही नाही. बघती अन् सुस्कारा टाकती. मी घामाघूम होऊन चुलीपुढं थापलेली असती, आणि ही—"

"आगं पर ते तसं न्हवंच!" आत्या उसळली. "दाढा कुठं हायत मला? तुज्या लग्नात तरी हुती का एक? मऊ बाजू कोनची ते बघती मी, तिकडून मोडायला. भाकरीला कोन नाव ठिवतंय? वहिनीच्या हातची चव हाय तुला, त्याचा सुस्कारा येतो मला, माहेरची याद येती—"

"बघा! झाल्या सासूबाई सुरू!" मी उठले. "म्हणूनच सांगत नव्हते. चालले मी."

तिने माझा पदर धरला. चांगला घट्ट धरला, पिन निघाली.

"बस, बस. ऱ्हायलं. सासूला आत धाडली. आता आत्या ऐकायलीय."

पिशवीतला फोन टिंग टिंग वाजत होता. आत खिडकीपाशी माझाही वाजत होता. बेळगाव, चंद्रपूर, मस्कत, सगळ्या एकदम जाग्या झाल्या असाव्यात. आम्ही दोघी उठलो नाही.

मी नाक पुसलं आणि तिच्याकडे तोंड करून नीट मांडी घातली.

"आता पहिल्यापासून सांगते," मी म्हणाले. "आणि तू मधे बोलायचं नाहीस, आत्या."